पंधराव्या वर्षी मरणाचे विचार येऊन गेले, तर तिशीत काय? पालकसभेत नेमकं काय सांगावं?

वसतिगृह_लातूर

नमस्कार. अकरावी-बारावीच्या मुलांच्या वसतिगृहाची पालकसभा पुढच्या महिन्यात आहे. बहुतेक मुलं नीटची तयारी करणारी आणि पालक परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवकडचे. बरेच शेतकरी, काही ऊसतोडीला जाणारे. सभेत आत्महत्येच्या विचारांवर अर्धा तास बोलायचं ठरलंय.

एका लेखात वाचलं की १५व्या वर्षी असे विचार आलेल्यांमध्ये तिशीपर्यंत आत्महत्येचा प्रयत्न होण्याचं प्रमाण जवळजवळ १२ पट असतं. हे पालकांना सांगावं का? सांगितलं तर एखादा बाप त्याच रात्री पोराची बॅग भरून गावाकडं नेईल. नाही सांगितलं तर 'वयाचं खूळ आहे, निघून जाईल' म्हणून विषय तिथंच मिटेल.

शिवाय बारावी झाली की मुलं पुणे, संभाजीनगर, कुठंकुठं जातात आणि आमचा संबंध सुटतो. ज्या लेकराला इथं असताना त्रास झाला, त्याच्यासोबत पुढं काय द्यायचं? जाणकारांनी सांगावं.

मनोविकार_ओपीडी

सर, १२ पट हा आकडा खरा आहे, पण एकटा सांगितला तर दिशाभूल करतो. तो अमेरिकेतल्या ३४६ जणांच्या अभ्यासातला आहे. ५व्या वर्षापासून तिशीपर्यंत तीच माणसं पुन्हापुन्हा तपासली होती, निष्कर्ष २००६ साली छापून आले. 'पट' म्हणजे विचार न आलेल्यांशी तुलना. न आलेल्यांमध्ये प्रमाण मुळात फार कमी असतं, म्हणून पट मोठी दिसते. याच्या शेजारी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल भागाचा आकडा ठेवा. तिथं १६व्या वर्षी असे विचार असलेल्या मुलांपैकी २१व्या वर्षापर्यंत पहिला प्रयत्न केलेली मुलं १०० मागं १२ होती. म्हणजे ८८ नव्हती. सभेत सांगायचंच तर हे दोन्ही १२ एका दमात सांगा, नाहीतर एकही सांगू नका.

त्या १२ जणांत आणि बाकीच्यांत फरक काय होता, हे पालकांच्या जास्त कामाचं आहे. गांजा किंवा दुसरी नशा, आधीपासून स्वतःला इजा करून घेण्याची सवय आणि घरातल्या किंवा मित्रांतल्या कुणी तसं केलेलं पाहिलेलं असणं, या गोष्टी ठळक निघाल्या.

आता तिशीचं. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये १९७७ साली जन्मलेल्या १२६५ मुलांचा गट आहे. १८व्या वर्षाच्या आत विचार किंवा प्रयत्न झालेल्यांना २५व्या वर्षापर्यंत डिप्रेशन आणि पुन्हा तेच विचार येण्याचं प्रमाण जास्त निघालं. घरची गरिबी, लहानपणचे आघात, आईबापांतली भांडणं यांचा हिशेब वजा करूनही हा संबंध टिकला. त्याच देशात ड्युनेडिनचा १०३७ जणांचा गट आहे. त्यात २४व्या वर्षापर्यंत प्रयत्न केलेल्यांना ३८व्या वर्षी पुन्हा तपासलं, तर मनाच्या आजारांबरोबर चयापचयाच्या तक्रारी, बेकारी आणि दुसऱ्यांच्या आधाराची गरज हेही जास्त होतं. लक्षात घ्या, ड्युनेडिनचा निष्कर्ष प्रत्यक्ष प्रयत्नांबद्दल आहे, नुसत्या विचारांबद्दल नाही. लेख लिहिणारे इथं हमखास गल्लत करतात.

असं का होतं? विचार हा स्वतः आजार नाही, खाली काहीतरी चालू असल्याची खूण आहे. डिप्रेशन असेल, घरातली दारू असेल, लैंगिक अत्याचार असेल, वर्गात होणारा छळ असेल. परीक्षा संपली, निकाल लागला, विचार थांबले, पण खालचं तसंच राहिलं तर पुढच्या धक्क्याला तेच परत येतं. डिप्रेशनचा एक झटका येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना पुन्हा येतो. आणि एकदा मन त्या वाटेनं जाऊन आलं की पुढच्या वेळी छोटं कारणही पुरतं. म्हणून 'निघून जाईल' अर्धं बरोबर आहे. जातं, पण परत येऊ शकतं.

उपचारात सगळ्यात जास्त बिघडतं ते गोळ्या बंद करण्यावरून. या वयात बहुधा फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनवरची गोळी देतात, सोबत विचार-वर्तन उपचाराची, म्हणजे बोलून विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याची, १२ ते १६ सत्रं. गोळीचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, आणि घरचे आठव्या दिवशी म्हणतात, काही फरक नाही. मग गुण आला की सहाव्या आठवड्यात म्हणतात, आता बरं आहे, कशाला गोळ्या. बरं वाटायला लागल्यापुढं ६ ते १२ महिने चालू ठेवायच्या आणि बंद करताना डॉक्टरांकडून हळूहळू उतरवायच्या असतात.

दुसरी गोष्ट, २४-२५ वर्षांच्या आतल्यांमध्ये गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींची बेचैनी आणि असे विचार वाढतात. अमेरिकेच्या औषध खात्यानं २००४ पासून वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावलाय. गोळी टाळण्यासाठी नाही, पहिला महिना दर आठवड्याला भेट आणि घरात कुणाचं तरी लक्ष यासाठी. झोप उडाली, एकदम चिडचिड, येरझाऱ्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि घराण्यात कुणाला उन्माद-अवसादाचा (बायपोलर) आजार असेल तर गोळी लिहायच्या आधी सांगा, औषधच बदलावं लागतं.

समुपदेशक_नांदेड

वरच्यात भर, विचारायचं कसं त्याची. सभेत पहिला हात वर होतो तो 'सर, विचारलं तर डोक्यात घातल्यासारखं होणार नाही का?' म्हणून. नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ६ शाळांमधल्या २३४२ मुलांवर तपासून २००५ साली छापलंय. विचारलेल्या गटात विचार वाढले नाहीत, आणि ज्यांना आधीच त्रास होता ते उलट थोडे हलके झाले.

पण 'तू तसलं काही करणार नाहीस ना?' असं विचारू नका. या प्रश्नाला 'नाही' एवढंच उत्तर मिळतं, कारण ते आपणच त्याच्या तोंडात दिलेलं असतं. सरळ, एकामागं एक विचारा. आत्महत्येचा धोका तपासणाऱ्या कोलंबिया प्रश्नावलीचा क्रम आपल्या बोलीत असा बसतो:

'झोपलं ते उठूच नये असं वाटतं का?' मग 'जीव द्यावा असा विचार येतो का?' दुसऱ्याला हो आलं तरच पुढं: 'कसं करायचं ते मनात आलंय का? तसं करायचा इरादा आहे का? कधी, कुठं ते ठरवलंय का?' आणि शेवटचा सगळ्यांनाच: 'याआधी कधी काही केलंय किंवा करायला गेला होतास का? गेल्या ३ महिन्यांत?' इरादा, ठरवलेली योजना किंवा ३ महिन्यांतला प्रयत्न, यांपैकी एकालाही हो आलं तर त्या लेकराला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना. नुसता पहिल्या-दुसऱ्यालाच हो असेल तर आठवड्याच्या आत भेट ठरवा. ती कागदावर लिहा, तोंडी ठरलेली भेट होत नाही.

वसतिगृहांत दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे हमीपत्र. 'मी असं काही करणार नाही' असं लिहून घ्यायचं, खाली पालकाची सही. त्यानं संस्थेची फाईल सुरक्षित होते, मूल नाही. उलट पुढच्या वेळी विचार आला की ते सांगणार नाही, कारण सही केलेली असते. दुसरी, त्याच संध्याकाळी एसटीत बसवून एकट्याला गावी पाठवणं. त्या वेळी एकटेपण हीच धोक्याची गोष्ट असते. पालकानं येऊन न्यावं, आणि नेण्याआधी दवाखाना व्हावा.

हमीपत्राच्या जागी सुरक्षा-पत्र करा. स्टॅनली आणि ब्राउन या दोघांनी बसवलेली सहा पायऱ्यांची पद्धत आहे. मुलानं स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत लिहायचं, आपण फक्त विचारत जायचं. पोस्टकार्डाएवढा जाड कागद पुरतो, वेळ २० ते ३० मिनिटं. भरलेलं साधारण असं दिसतं:

'१. सुरू होतं तेव्हा: टेस्टचे मार्क लागले की जेवण जात नाही, रात्री २ पर्यंत झोप नाही, "घरच्यांचे पैसे वाया गेले" हे डोक्यात फिरतं.
२. मी एकटा काय करतो: गार पाण्यानं आंघोळ, मैदानाच्या ५ फेऱ्या, मोबाइलवर भारूडं.
३. कुठं, कुणात जाऊन बसतो: मेसच्या मावशींजवळ, खालच्या मजल्यावरच्या गावच्या पोरांत.
४. कुणाला सांगतो: मामा, मोठी ताई (दोघांचे नंबर).
५. तिथंही भागलं नाही तर: समुपदेशक, डॉक्टर, १४४१६ (मानसिक आरोग्य हेल्पलाइन), धोका असेल तर ११२.
६. माझ्याजवळ काय नको: गोळ्यांचा डबा अधीक्षक सरांकडे. गावाकडं गेल्यावर आखाड्यावर (शेतातल्या घरी) एकटं झोपायचं नाही.'

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीतला फरक बघा. तिसरीत काही सांगायचं नसतं, नुसतं माणसांत जायचं. मुलं बऱ्याचदा तिथवरच सावरतात. पहिल्या पायरीत 'टेन्शन येतं' एवढंच लिहिलं असेल तर कागद निकामी. टेन्शन म्हणजे नेमकं काय होतं ते लिहून घ्या. चौथ्या पायरीत बापाचं नाव आग्रहानं घालू नका. ज्याला खरंच फोन करेल तोच माणूस लिहा, आणि त्या माणसाला त्याच वेळी फोन करून कल्पना द्या.

कागदावर भागत नाही, पाठपुरावाही लागतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत हा कागद आणि नंतरचे फोन एकत्र वापरले तेव्हा पुढच्या ६ महिन्यांत आत्मघाताचे प्रकार जवळजवळ ४५ टक्क्यांनी कमी दिसले. ते प्रौढ रुग्ण होते, तरी पद्धत इथं लागू पडते. पहिला फोन ७२ तासांत, मग निदान दोन महिने आठवड्याला एक. फोनवर 'अभ्यास कसा चाललाय' यानं सुरुवात करू नका.

शिवार_आरोग्य

गावाकडच्या बाजूचं सांगतो, कारण सुट्टीत लेकरं तिकडंच येणार.

दिवाळीत आणि बारावीच्या निकालाला, मे महिन्यात, घरात फवारणीचं औषध पडलेलं असतं का ते बघा. विचार आणि कृती यांत या वयात कधीकधी काही मिनिटांचंच अंतर असतं. त्या मिनिटांत हाताशी काही नसणं याला मोठा अर्थ आहे. पालक म्हणतात, पेटीला कुलूप लावतो. श्रीलंकेत गावोगावी कुलपाच्या पेट्या वाटून मोठा अभ्यास झाला, २०१७ साली छापला. नुसत्या पेट्यांनी फरक पडला नाही. किल्ली कुठं असते ते घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, आणि हंगामात पेटी उघडीच राहते. म्हणून पेटीपेक्षा घरात साठाच नको. लागेल तेवढंच आणायचं, त्याच दिवशी संपवायचं. उरलं तर ज्या घरात लेकरू नाही अशा भावकीच्या घरी, नाहीतर दुकानदाराकडं परत. ज्या घरी लेकराला आत्ता त्रास चालू आहे, तिथं तो हंगाम दुसऱ्याकडून फवारून घ्या. आजोबा-आजीच्या बीपी-शुगरच्या, झोपेच्या गोळ्याही एका मोठ्या माणसाच्या ताब्यात, एका वेळी आठवड्याच्या.

आणि काही पोटात गेलंच असेल तर मिठाचं पाणी, साबणाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. श्वासनळीत जाऊन जास्त बिघडतं. १०८ ला फोन, कुशीवर झोपवा, डबा किंवा बाटली सोबत घ्या म्हणजे डॉक्टरांना घटक कळतो. 'आता बरा दिसतोय' म्हणून घरी थांबू नका. काही औषधांचा त्रास कित्येक तासांनी सुरू होतो.

फोनचं: १४४१६ म्हणजे टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू, २४ तास, फुकट. १८००-८९१-४४१६ हाही त्यांचाच. लागल्यावर भाषा विचारतात, मराठी निवडायची. १८ वर्षांखालच्यांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहेच. सभेत पालकांना तिथल्या तिथं नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करायला लावा. पत्रक वाटलं तर ते गाडीतच राहतं.

शेतकरी घरांसाठी राज्य सरकारचा प्रेरणा प्रकल्प हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम आहे, मराठवाड्याचे ८ आणि विदर्भाचे ६ असे १४ जिल्हे. त्यात आशाताई घरोघरी प्रश्नावली भरतात. ही गोष्ट पालकांना सांगा, कारण बाप स्वतः कर्जानं खचलेला असेल तर लेकराचं एकट्याचं बघून उपयोग नाही. बापाचं डिप्रेशन आणि पोराचं, दोन्ही एकाच वेळी बघावं लागतं. देवऋषाकडं नेतो म्हणाले तर वाद घालू नका. 'जा, पण सोमवारची ओपीडी चुकवू नका, गोळी बंद करू नका' एवढंच ठाम सांगा. वाद घातला की दोन्ही बंद होतं.

वसतिगृह_लातूर

सगळ्यांचे आभार. हमीपत्राचा छापील नमुना आमच्याकडंही आहे, तो काढतो.

दोन शंका राहिल्या. दवाखान्यात नेलं की एमएलसी होते आणि केस लागते, पुढं नोकरीला अडतं, अशी पालकांची पक्की समजूत आहे. आणि मूल १८च्या आतलं असेल, पालक ५ तासांच्या अंतरावर असतील, तर अधीक्षक स्वतःच्या जबाबदारीवर दवाखान्यात दाखल करू शकतो का?

कागद_जपा

एमएलसी म्हणजे दवाखान्यानं पोलिसांना दिलेली माहिती. जबाब होतो, तेवढंच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला आणि शिक्षा नाही, आणि त्याला उपचार देणं सरकारचं काम. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही. २२६ आहे, पण ते सरकारी नोकराला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी किंवा भाग पाडण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं. आणि नुसते विचार येतात म्हणून ओपीडीत दाखवलं तर एमएलसीचा संबंधच नाही. लोक हे दोन्ही एकच समजतात, म्हणून प्रयत्न होईपर्यंत थांबतात.

दाखल करण्याचं: अल्पवयीन मुलासाठी निर्णय पालकाचा. पण जिवाला धोका असेल तर मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९४ खाली कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार करू शकतो, ७२ तासांपर्यंत. पालक हजर असतील तर त्यांची संमती घ्यायची, नसतील म्हणून उपचार थांबत नाहीत. तुम्ही न्या, पालकांना फोन लावा, फोनची वेळ रजिस्टरला लिहा. बोलताना लैंगिक अत्याचार निघाला तर पोक्सोखाली (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'घरातलं प्रकरण' म्हणून तुम्ही दाबलंत तर गुन्हा तुमच्यावर.

उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क मानसिक आरोग्य कायद्याच्याच कलम २३ मध्ये आहे. विम्याच्या अर्जात आजार विचारला असेल तर लपवू नका, पुढं दावा त्याच कारणानं फेटाळतात. मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच विमा-संरक्षण द्यायचं, हे कलम २१ मध्ये आहे.

मनोविकार_ओपीडी

सोबत काय द्यायचं, हा मूळ प्रश्न राहिलाच. एक पान, डॉक्टरांच्या सहीचं, मुलाच्या हातात. पालकांच्या कपाटात नाही. त्यावर: कितव्या वर्षी सुरू झालं, नुसते विचार की प्रयत्नही, निदान, गोळीचं नाव आणि सर्वांत जास्त किती मिलिग्रॅमपर्यंत गेली, कधी ते कधी घेतली, कशाचा त्रास झाला, कशानं गुण आला, घराण्यात कुणाला काय. मूळ केसपेपर नंतर सापडत नाही, आणि दहा वर्षांनी 'पांढरी छोटी गोळी होती' यावरून कुणालाच काही कळत नाही. सुरक्षा-पत्राचा मोबाइलमध्ये फोटो.

पंचविशी-तिशीत डॉक्टरांसमोर बसल्यावर हे स्वतःहून सांगावं लागतं. पीएचक्यू-९ ही डिप्रेशन तपासायची नेहमीची प्रश्नावली गेल्या २ आठवड्यांचंच विचारते. जुनं त्यात येत नाही. 'सोळाव्या वर्षी असे विचार होते, एवढे महिने गोळी घेतली' एवढं एक वाक्य पहिल्या मिनिटाला सांगितलं की उपचार किती दिवस चालवायचे तो हिशेब बदलतो.

समुपदेशक_नांदेड

डॉक्टरसाहेब, एका बाबतीत थोडं वेगळं मत. 'मुलाच्या हातात' ठीक, पण मुलींचं काय? एकोणीस-वीसला लग्न झालं की ते पान ती सासरी नेत नाही, नेलं तर लपवते किंवा फाडते. नवऱ्याला सांगायचं की नाही ते तिनं ठरवावं, आपण आग्रह धरू नये. पण बाळंतपणाच्या वेळी हा इतिहास कुणाला तरी माहीत असलाच पाहिजे, कारण डिप्रेशन परतण्याचा तो ठरलेला काळ. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताई ६ भेटी देतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. तोवर झोप आणि भूक परतली नसेल, बाळाकडं बघवत नसेल, तर ४२व्या दिवसाची वाट न बघता बाळंतपणानंतरचं डिप्रेशन तपासणारी एडिनबरा प्रश्नावली भरून घ्यावी. १० प्रश्न आहेत, दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला शून्य सोडून काहीही आलं तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टर.

म्हणून मुलींच्या पानावर मी आणखी एक ओळ घालते: 'गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ही माहिती डॉक्टरांना सांगावी.'

मनोविकार_ओपीडी

मान्य ताई, ही ओळ हवीच. आजाराचं नाव वर ठळक न लिहिता साध्या 'औषधोपचाराचा गोषवारा' या मथळ्याखाली पान करून देता येतं. गरोदरपण राहिलं म्हणून चालू गोळी आपल्या मनानं बंद करू नये, हेही त्यावरच छापा.

वसतिगृह_लातूर

गोषवाऱ्याचा नमुना दोन दिवसांत इथं टाकतो, दुरुस्त्या सांगा. सुरक्षा-पत्रं लॅमिनेट करून द्यावीत का?

समुपदेशक_नांदेड

नको सर. नंबर बदलतात, ताईचं लग्न होतं, मेसच्या मावशी काम सोडतात. पेन्सिलीनं लिहा आणि दर चाचणीनंतर मुलासोबत बसून खोडा-भरा.